म्हशीचं बटण

पंख्याची घरघर मला सहन होत नाही. लग्नाला गेलो आणि मांडवातला पंखा घरघरायला लागला की माझा घास घशातच अडकतो. शेवटी मी ताट बाजूला सारतो, खुर्चीवर चढतो आणि खिशातल्या स्क्रू ड्रायव्हरनं त्याचा बंदोबस्त करून खाली उतरतो. माझी बायको खुर्शिद म्हणते, लोक तुम्हाला लग्नाला बोलावतात ते आहेरासाठी नव्हे, पंख्यासाठी. म्हणू दे. शिरूरच्या एसटी स्टँडमागं तीस वर्षं माझं दुरुस्तीचं दुकान आहे. आधी रेडिओ आले, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. जे उघडता येतं ते सगळं मी उघडून पाहिलंय, आणि जे उघडता येत नाही त्याच्यावर माझा राग आहे.

म्हणजे लॅपटॉपवर. लाख-दीड लाखाची वस्तू, आणि मालकाला तिच्या आत डोकवायची सोय नाही. मेमरी चिकटवलेली, बॅटरी चिकटवलेली, आणि खाली स्टिकर की उघडलंत तर वॉरंटी संपली. काष्टीच्या बाजारात बैल घेताना आपण त्याचं तोंड उघडून दात बघतो. इथं बैलवालाच म्हणतो, बैल तुमचा, पण तोंड उघडलंत तर तो आजारी पडल्यावर माझ्याकडं येऊ नका. अशा बैलवाल्याला बाजारात कुणी उभं केलं नसतं. लॅपटॉपवाल्यांना मात्र लोक एसीत बसवून चहा पाजतात.

तर अशा माणसाच्या पोरीनं लॅपटॉप मागितला. सना माझी एकुलती एक. पुण्यात शिकली आणि आता इमारती बांधायच्या आधीच पडद्यावर उभ्या करते. नुसतं चित्र नाही, जिना चढून वर जाता येतं, खिडकीतून बाहेर बघता येतं. अशा कामाला ताकदवान मशीन लागतं, हे मलाही मान्य होतं. घरात आम्ही आमची दखनी बोलतो, पण भांडण आलं की दोघंही मराठीवर येतो. मराठीत भांडायला जोर येतो.

"अब्बा, एक लाख चाळीस हजारांच्या खालचं या कामाला चालत नाही."

"तीस हजारात म्या त्याच्या बापाला करून देतो. एवढासा. पिशवीत मावंल आसा."

"तुम्ही मिक्सर बनवला होता, आठवतंय? अम्मीनं झाकण काढलं तेव्हा चटणी छताला होती."

"ती चटणीची चूक होती," मी म्हणालो.

सनाला घाई होती त्याला कारण होतं. न्हावऱ्यापलीकडच्या कोकाटेवस्तीवर खंडोबाच्या देवळाला सभामंडप बांधायचा होता. तिथल्या यात्रेचा माइक पंचवीस वर्षं माझ्याकडं आहे, म्हणून मी बापूसाहेब कोकाट्यांकडं सनासाठी शब्द टाकला. बापूसाहेब देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष आणि दूध संस्थेचे चेअरमन, म्हणजे वस्तीवरचा देव आणि दूध दोन्ही त्यांच्या हातात. ते म्हणाले, "महबूबभाई, पोरीला घिऊन या. पण आमचा विक्रमबी मंडपाचं चित्र दाखवणार हाय. रविवारी दोघांचंबी बघू. लोकांच्या डोळ्याला ज्याचं पटंल, त्याचं काम." विक्रम म्हणजे त्यांचा सख्खा पुतण्या, पुण्यातला इंजिनिअर.

सनाचं गणित सरळ होतं. हे काम मिळालं तर शिरूरात राहून स्वतःचा धंदा सुरू करायचा. नाही मिळालं तर पुण्यातलं एक ऑफिस तिला सोमवारपासून बोलावत होतं, आणि लॅपटॉपही तेच देणार होतं. मला ती जायला नको होती. हे मी तिला बोललो नाही, कारण पोरीच्या पायात आपली माया अडकवू नये एवढं मला कळतं. म्हणून मी फक्त मशीन बनवायला घेतलं.

मोटारसायकल काढली आणि चौफुला, पाटस करत दौंड गाठलं. पाटसपाशी उसाच्या ट्रॉल्यांमागं तासभर गेला. दौंडला रेल्वे लाइनीपलीकडं मच्छिंद्रचं भंगाराचं दुकान आहे. कुठलं ऑफिस बंद पडलं की त्याचे कॉम्प्युटर फिरत फिरत मच्छिंद्रकडं येतात. त्या ढिगातून मी एक चांगला बोर्ड आणि प्रोसेसर काढला. गेम पार्लर बंद पडलेल्या माणसाचं एक बुटकं ग्राफिक कार्ड मिळालं. त्याच्यावर खेळून पोरं नापास झाली असतील, पण कार्ड पास होतं. मेमरी आणि डिस्क मात्र मी नवी घेतली. जिथं कंजुषी करायची नसते तिथं मी करत नाही.

राहिला डबा. कॉम्प्युटरचा तयार डबा म्हणजे लोखंडी कपाटच, आणि मला तर पिशवीत मावणारा हवा होता. तेवढ्यात कोपऱ्यात एक स्टीलची पेटी दिसली. दोन विटा शेजारी ठेवाव्यात एवढी. पुढं तीन बटणं आणि त्यांच्यावर लिहिलेलं: गाय, म्हैस, मिक्स. दुधाचं फॅट मोजायचं मशीन होतं ते. संस्थेत दूध घातलं की नमुना या मशीनमध्ये जातो, फॅटचा आकडा येतो आणि त्यावर दुधाचा भाव ठरतो. आतलं सगळं मेलेलं होतं. एका बाजूला चांगला तळहाताएवढा पोचा होता, पण पत्रा अस्सल.

"कुठल्या तरी संस्थेतनं आलाय," मच्छिंद्र म्हणाला. "ने किलोच्या भावानं."

मी नेला. कुठल्या संस्थेतून, ते विचारलं नाही. बैलाचे दात बघा म्हणून जगाला शिकवणारा मी, डब्याचं गाव विचारायला विसरलो.

आठ दिवस खपलो. चालू-बंदचं बटण म्हशीवर घेतलं, कारण तेच सगळ्यात दणकट होतं. अडकलं तर पुन्हा सुरू करायचं बटण गाईवर. मिक्सला काही जोडलं नाही. आयुष्यात काहीतरी शिल्लक असावं. दुधाची नळी जायच्या भोकापाशी पंखा बसवला आणि झाकणाला चार साधे स्क्रू लावले. कुणालाही उघडता यावेत असे.

सनानं डबा चारी बाजूंनी फिरवून पाहिला.

"अब्बा, ह्याच्यावर म्हैस लिहिलंय."

"दाब."

तिनं दाबलं. खट् असा आवाज झाला आणि पडदा उजळला. जे चित्र तयार व्हायला तिच्या जुन्या मशीनवर चाळीस मिनिटं लागायची, ते सहा मिनिटांत झालं. ती मंडपात शिरली, खांबांमधून फिरली, वर छताकडं पाहून खाली आली. कुठं अडलं नाही. तरी तिनं कौतुक केलं नाही. "चालतंय चांगलं," एवढंच म्हणाली. "पण नेताना वरून कापड टाकू."

रविवार खंडोबाचा वार. दुपारी देवळापुढं शंभरेक माणूस जमलं होतं. बापूसाहेबांनी घरचा मोठा टीव्ही गोधडीत गुंडाळून ट्रॉलीतून आणवला होता. पुढं दोन टेबलं मांडलेली. विक्रमनं पिशवीतून लॅपटॉप काढला तो पापडासारखा पातळ. पाच-सहा जणांनी त्याला हात लावून पाहिला आणि हात लावल्यावर स्वतःचेच हात पाहिले. मग सनानं आमच्या डब्यावरचं कापड काढलं.

पहिल्या रांगेतून एक म्हातारी उठली. झुंबरबाई, बापूसाहेबांची चुलती. पंचाहत्तरीला पोचलेली, गोठ्यात सहा म्हशी, आणि वस्तीवर तिच्यापुढं बोलायची कुणाची टाप नाही. ती टेबलापाशी आली, वाकली, आणि तिनं डब्यावरच्या पोच्यात बरोबर आपला तळहात ठेवला.

"ह्यो आपल्या संस्थेतला डबा हाय," ती म्हणाली. "ह्यो पोचा माझ्या किटलीचा हाय."

मग सगळी हकीकत कळली. मागल्या साली या मशीननं झुंबरबाईच्या म्हशीच्या दुधाचं फॅट इतकं कमी दाखवलं की तिनं दुधाची किटली उचलून मशीनला हाणली. तिच्यामागोमाग सगळी वस्ती ओरडली, आणि बापूसाहेबांनी गुपचूप मशीन बदलून हे भंगारात घातलं. आता तेच मशीन देवापुढं येऊन बसलं होतं. बापूसाहेब देवळाच्या कळसाकडं बघत राहिले.

"माझ्या म्हशीचं फॅट ह्यानं कवा पाचाच्या वर दाखवलं न्हाई," झुंबरबाई लोकांकडं वळली. "आन् आता ह्यो देवाचा मंडप दाखवणार व्हय?"

"मंडपबी चार फूट कमीच दाखवंल," मागून कमिटीतले पोपटराव म्हणाले. लोक हसले, पण ते हसणं निम्मंच होतं. त्या डब्यानं तिथल्या प्रत्येकाला कधी ना कधी रडवलं होतं.

"मावशी, आतलं समदं बदललंय," मी म्हणालो. "डबा तेवढा जुना हाय."

"आतनं बदललोय म्हणून सांगणारी लई बघितली. दर इलेक्शनला येत्यात."

मी सनाकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं वाटलं असतं. तिला माझंच वाईट वाटत होतं.

"आधी देवाचं," देवळाचा गुरव म्हाळू पुढं आला, "मग भांडणं." त्या वस्तीवर नवी वस्तू देवापुढं आणली की तिच्यावर भंडारा उधळतात. ट्रॅक्टर असो, विहिरीची मोटर असो, नाहीतर फ्रिज. आणि चिमूटभर हळद लावून मोकळे होत नाहीत, मुठीनं उधळतात. "येळकोट येळकोट जय मल्हार" झालं, आणि दोन्ही टेबलं पिवळी होऊन गेली. विक्रमनं लॅपटॉपवर हात आडवे धरले, पण देवाच्या भंडाऱ्याला किती आडवं येणार. माझ्या डब्यावर पडला तेव्हा मीही मान वाकवून थोडा कपाळावर घेतला. पंचवीस वर्षं घेत आलोय. डब्यातल्या पंख्याचा विचार माझ्याही मनात आला नाही, हे कबूल करतो.

विक्रमचा मंडप झकास होता. काचेचा घुमट, झुंबरं, पुढं कारंजं, रंगीत दिवे. लोक माना वर करून बघत होते. पाचव्या मिनिटाला लॅपटॉप ओरडायला लागला. आधी बारीक, मग मोठ्यानं, आणि कारंजं ऐन भरात असताना पडदा काळा झाला. विक्रमनं पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद. मला बाहेरूनच रोग कळला. आतल्या पंख्यानं भंडारा ओढून घेतला होता आणि गरम हवेला बाहेर पडायला वाट राहिली नव्हती.

"उघडा त्याला," मी म्हणालो.

"उघडता येत नाही, अंकल. त्याचे स्क्रू वेगळे असतात. शिवाय वॉरंटी जाईल." त्यानं फोन लावला. रविवार होता, कुणी उचलला नाही.

मला आनंद झाला. माणूस म्हणून होऊ नये, पण झाला. तो तीन मिनिटं टिकला.

सनानं म्हैस दाबली. मंडप उभा राहिला, ती पायऱ्या चढून लोकांना आत नेत होती, आणि मला घरघर ऐकू आली. दुसऱ्या कुणाला येण्याआधी मी उठून उभा होतो. मग आमचाही पडदा काळा झाला.

"फॅट शून्य," पोपटराव म्हणाले.

या वेळी लोक पूर्ण हसले. मी वायर काढली, चार स्क्रू सोडवले आणि झाकण उचललं. पंखा, त्याखालची जाळी, कार्ड, सगळं पिवळंधमक. पोरीचा साखरपुडा व्हायचा राहिला आणि डब्याची हळद झाली. धूळ झाडायचा ब्रश दुकानात राहिला होता. हवा मारायला पंप हवा, तो न्हावऱ्याच्या पंक्चरवाल्याकडं. जाऊन यायला अर्धा तास, आणि घड्याळात पाच वाजत आले होते. पाच म्हणजे धारा काढायची वेळ. मागची माणसं उठून धोतर झटकायला लागली. म्हशी कुणाच्या मंडपासाठी थांबत नाहीत. बापूसाहेब म्हणाले, "मग आसं करू, विक्रमचं निम्मं तरी बघितलंय..." आणि सनानं हळूच माऊसची वायर गुंडाळायला घेतली. तिचे हात मला बघवेनात.

झुंबरबाईलाही ते बघवले नसावेत. ती देवळामागच्या खोलीत गेली, जिथं प्रसादाचा स्वयंपाक होतो. परत आली तेव्हा तिच्या हातात चुलीची फुंकणी होती.

"सरक," ती मला म्हणाली.

"मावशी, ह्यात तोंडानं फुंकायचं नसतं. तोंडातली वाफ आत गेली तर..."

"पन्नास वरसं वल्ली लाकडं पेटवली म्या. कसं फुंकायचं ते मला शिकवू नगं."

खोटं कशाला बोलू, तसं फुंकणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. गाल फुगवून फसकन नाही. बारीक, कोरडं आणि नेमकं, फुंकणीचं टोक जाळीपासून चार बोटं लांब. मी बोटानं पंखा धरून ठेवला आणि ती एकेक पातं मोकळं करत गेली. पिवळा ढग उठला आणि जाऊन बापूसाहेबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर बसला. उठलेली माणसं जागच्या जागी उभी राहिली. शेवटी तिनं कार्डावर तीन फुंकरा मारल्या आणि पदरानं तोंड पुसलं.

"लाव झाकण. बटण म्या दाबणार."

मी झाकण लावलं, वायर जोडली. तिनं अंगठ्यानं म्हैस दाबली. खट्. पडदा उजळला.

"आता खरं दाखव," ती डब्याला म्हणाली.

सनाचा मंडप साधा होता. दगडी खांब, वर पत्रा, झुंबर नाही, कारंजं नाही. पण पालखी जिथं वळते तिथं तिनं खांब घेतला नव्हता, आणि ते पाहून म्हाळू गुरवानं मान डोलावली. मी माइक लावायला जायचो तेव्हा सना दोनदा मोजायची टेप घेऊन माझ्याबरोबर आली होती.

"माझी जागा कुठं हाय?" झुंबरबाईनं विचारलं.

सनानं माऊस फिरवला आणि उजवीकडं नेलं. देवळाशेजारी कडुनिंब आहे, त्याखाली एक दगड आहे. दर रविवारी झुंबरबाई त्या दगडावर बसते. विक्रमच्या मंडपात तिथं कारंजं होतं. सनानं झाड तसंच ठेवलं होतं, त्याच्यासाठी पत्रा गोल कापून घेतला होता. दगड होता. आणि दगडावर हिरव्या नऊवारीतली एक म्हातारी बसवलेली होती, हातात किटली घेऊन.

झुंबरबाई टीव्हीच्या अगदी जवळ गेली.

"एवढी जाड न्हाई म्या," ती म्हणाली. मग बापूसाहेबांकडं वळली. "बाकी बरोबर हाय. बापू, ह्या डब्यानं पहिल्यांदाच खरं दाखवलं."

बापूसाहेबांनी पुतण्याकडं पाहिलं, चुलतीकडं पाहिलं, मग आपल्या पिवळ्या सदऱ्याकडं पाहिलं. "लागा कामाला," ते सनाला म्हणाले, आणि अख्खी वस्ती धारा काढायला गेली.

विक्रम लॅपटॉप काखेत मारून माझ्याजवळ आला. "अंकल, उद्या दुकानात आणू का? वॉरंटीचं राहू द्या." पोरगा चांगला होता. मी म्हणालो, आण.

येताना सना डबा मांडीवर घेऊन मागं बसली होती. घरी तिची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती, ती तिनं हलवली नाही. एक सभामंडप म्हणजे काही जन्माची भाकरी नव्हे, आणि पुण्याचं ऑफिस दर महिन्याला पगार देतं. खुर्शिदनं मला डोळ्यांनी खुणावलं, विचारा. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर माझ्या आवाजावरून तिला सगळं कळलं असतं.

सोमवारी साडेसहालाच मी दुकान उघडलं. घर दुकानाच्या मागंच आहे, मध्ये एक भिंत. पुण्याची सातची गाडी स्टँडवर लागली, कंडक्टर ओरडला, गाडीनं हॉर्न दिला. मी हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलो होतो, समोर फिरवायला एकही स्क्रू नव्हता. गाडी गेली. त्या गाडीत ती होती की नव्हती, हे वळून बघायचा मला धीर होईना.

भिंतीपलीकडं खट् झालं. मग पंखा सुरू झाला आणि घरघरायला लागला. थोडा भंडारा अजून आत राहिला होता.

"अब्बा," सना आतून म्हणाली, "पंखा घरघरतोय. बघता का?"

"बघतो," मी म्हणालो.

त्याला आता दोन महिने झाले. अजून बघितलेला नाही.